नोएडातल्या मुलाची चौकशी

दिल्लीत घर असलं की महाराष्ट्रातले नातेवाईक आपल्याला माणूस समजत नाहीत, सरकारी कचेरी समजतात. कुणाला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात खोली हवी असते, कुणाच्या पुतण्याला परीक्षेच्या तयारीसाठी राहायची सोय बघायची असते. ती सगळी कामं आमच्या ह्यांच्याकडे. माझ्याकडे एकच खातं, मुलांची चौकशी. मुलं म्हणजे लग्नाची. दिल्ली, नोएडा, गुडगाव, जिथे म्हणून एखादा मराठी मुलगा नोकरीला असेल आणि त्याचं स्थळ आपल्या ओळखीत कुणाला सांगून आलं असेल, तिथे मी जाऊन यायचं आणि खरं काय ते कळवायचं. अठ्ठावीस वर्षं मी हे काम इमानेइतबारे केलं.

चौकशी म्हणजे हेरगिरी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही तसं म्हणणार आहात. चौकशीला अक्कल लागते. दिल्लीत प्रत्येक कॉलनीच्या तोंडाशी झाडाखाली टेबल टाकून, कोळशाची इस्त्री घेऊन एक प्रेसवाला बसलेला असतो. त्याला सगळं ठाऊक. घरात माणसं किती, नोकरीला खरंच कोण जातो आणि जायचं सोंग कोण करतो, सगळं त्याला कपड्यांवरून कळतं. मी दोन साड्या घेऊन जायची, त्या इस्त्री होईपर्यंत तिथे उभी राहायची, आणि येताना मुलाची अख्खी कुंडली घेऊन यायची. जनकपुरीच्या एका मुलाची नोकरी गेल्याचं त्याच्या आईवडिलांच्या आधी मला कळलं होतं. दोन महिने त्याचा एकही ऑफिसचा शर्ट इस्त्रीला आला नव्हता.

निकाल कळवायचीही एक रीत होती. कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. ‘मुलगा चांगला आहे, करून टाका’ म्हणजे होकार. ‘मुलगा चांगला आहे, पण घाई नको’ म्हणजे त्या घराकडे पुन्हा फिरकू नका. एवढ्या दोन वाक्यांवर लग्नं ठरली आणि मोडली. मोडलेल्यांपैकी कुणी मला कधी विचारलं नाही की का म्हणून.

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, सांगलीहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची मुलगी, माझी भाची, पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तेव्हा तिला तीस पूर्ण झाली होती आणि तिने आठ मुलांना नकार दिला होता. कारण द्यायची नाही, नुसतं ‘नाही’ म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची. ह्या नवव्या मुलाशी मात्र ती महिनाभर फोनवर बोलत होती. आईला तिने बजावून सांगितलं होतं की हा मला आवडलाय, ह्यात कुणी मोडता घालायचा नाही. मुलगा चंद्रपूरचा, नोएडात सॉफ्टवेअरमध्ये, एकटाच राहणारा. बहीण म्हणाली, “ताई, तू एकदा बघून ये. तू हो म्हटलंस की मी डोळे मिटून हो म्हणेन.”

म्हणजे पोरीचं लग्न माझ्या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

मी दोन साड्या पिशवीत घातल्या आणि मयूर विहारहून मेट्रो पकडून नोएडाला गेले. बघते तर काय, तीस मजली बिल्डिंगा, एक सोडून आठ, आणि फाटकावर चार गार्ड. झाड नाही, टेबल नाही, इस्त्री नाही. गार्डने विचारलं, कोणत्या फ्लॅटमध्ये जायचंय. मी म्हटलं, भैया, फ्लॅटमध्ये नाही, प्रेसवाल्याकडे जायचंय. तो म्हणाला, प्रेसवाला आत तळघरात बसतो, आणि आत जायचं तर आतल्या कुणीतरी फोनवर हो म्हणायला हवं. आता ज्याची चौकशी करायची त्याचीच परवानगी घेऊन आत जायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मी जरा आवाज चढवला. मग त्याने पिशवी उघडून दाखवायला सांगितली. साड्या निघाल्या, आणि त्याही मेल्या आधीच इस्त्री केलेल्या. घरातून निघताना घाईत कपाटातल्याच उचलल्या होत्या मी. गार्डने साड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला बाजूच्या खुर्चीवर बसवून आपल्या साहेबाला बोलावलं. तिथून कशी सुटले ते विचारू नका.

घरी आले ती तणतणतच. म्हटलं, फाटक बंद तर बंद, आजकालची पोरं सगळं फोनवर मांडून ठेवतात, तिथे बघू. नाव टाकलं, मुलगा सापडला, पण प्रोफाइलला कुलूप. त्याने हो म्हटल्याशिवाय फोटो दिसणार नाहीत. बाहेरून दिसत होता तो एकच फोटो, आणि त्यात हा पठ्ठ्या डोंगराकडे तोंड करून आणि आपल्याकडे पाठ करून उभा. पाठीवरून काय कळणार? सरळ होती, एवढंच कळलं.

मैत्रीची विनंती पाठवली असती तर त्याला माझं नाव दिसलं असतं. म्हणून मी गुपचूप फोनवर शोधलं की कुलूप लावलेलं प्रोफाइल कसं बघायचं. अहो, पानंच्या पानं निघाली. जणू सगळं जग दुसऱ्याच्या घरात डोकवायला टपून बसलंय. त्यातलं पहिलं उघडलं. नुसतं नाव टाका, दोन मिनिटांत सगळे फोटो बघा, समोरच्याला पत्ता लागणार नाही, असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. मला तर अगदी धन्य वाटलं. अठ्ठावीस वर्षं उन्हातान्हात प्रेसवाल्यांच्या टेबलाशी उभी राहिले आणि इकडे बसल्या जागी काम.

नाव टाकलं. मग त्याने माझं नाव आणि माझा पासवर्ड मागितला. मी यंत्र नाही, माणूस आहे, ह्याची खात्री करायला म्हणे. मी दिला. मग एक ॲप उतरवून घ्यायला सांगितलं. त्या ॲपला माझ्या फोनमधले सगळे नंबर बघायचे होते, माझे फोटो बघायचे होते, माझा आवाज ऐकायचा होता. मी हो, हो, हो करत गेले. नोएडाच्या गार्डने एक परवानगी मागितली तर मी रस्त्यात भांडले, आणि इथे पाच-सहा देऊन मोकळी झाले. आयुष्यभर गणित शिकवलं मी पहाडगंजच्या शाळेत. पायरी गाळली म्हणून पोरांचे कान उपटले. पण ह्यात आपण काय देतोय आणि काय मिळतंय, एवढी एक पायरी माझ्याकडून गळली ती गळलीच. आमचे हे समोर मटार सोलत बसले होते. ते एवढंच म्हणाले की अगं, दुसऱ्याच्या घरात डोकवायला तू आपल्या घराची किल्ली देऊन बसलीस. मी म्हटलं, तुम्ही मटार सोला.

पडद्यावर टक्के चढायला लागले. चाळीस, साठ, ऐंशी. एक्क्याण्णववर येऊन थांबले आणि एक फोटो दिसला. धूसर, वाफ धरलेल्या आरशात दिसतं तसा. पूर्ण स्पष्ट बघायचा असेल तर ही लिंक आणखी दहा जणांना पाठवा, असं खाली आलं. मी म्हटलं, कशाला, एवढ्यात भागेल. काहीतरी लाल उभं होतं. त्याच्या शेजारी काहीतरी काळं. मध्ये टेबलासारखं काहीतरी, आणि लालच्या हाताशी पिवळी चमक. मी चष्मा बदलला. फोन लांब धरला, जवळ धरला, तिरका धरला. आणि मग मला दिसायला लागलं. लाल ड्रेस घातलेली बाई. हातात ग्लास. आणि शेजारी काळ्या कोटात हा, पाठ सरळ. ह्यांना दाखवलं तर हे म्हणाले, मला ह्यात गाजराचा हलवा दिसतोय.

मी बहिणीला फोन लावला आणि रीतीप्रमाणे सांगितलं, मुलगा चांगला आहे, पण घाई नको. मग तिने विचारलं, “का गं ताई?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला कारण विचारलं होतं, आणि नेमकं ह्या वेळी माझ्याकडे कारण होतं. मी लाल ड्रेस सांगितला, ग्लास सांगितला. ‘मला असं वाटतं’ हे शब्द मी वापरले नाहीत. मी पाहिलं, असं म्हटलं.

बहिणीने स्थळ आणणाऱ्या मध्यस्थांना सांगितलं, मध्यस्थांनी चंद्रपूरला कळवलं. सांगलीहून निघाली तेव्हा ती बाई लाल ड्रेसमध्ये ग्लास घेऊन नुसती उभी होती. चंद्रपूरला पोचेपर्यंत ती त्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. मुलाने भाचीला एकदाच विचारलं की कोणती बाई, कुठला फोटो. तो नाही म्हणत होता, मावशी हो म्हणत होती, आणि फोटो तिला मी पाठवू शकले नव्हते, कारण त्या ॲपमधून तो बाहेर निघतच नव्हता. दोघांचं बोलणं थांबलं. बहीण सांगायची की पोरगी कामावर जाते, येते, काय विचारावं त्याला ‘बरं’ म्हणते. मला वाटलं, आज रडेल, पण उद्या माझे आभार मानेल. असं मला खरंच वाटलं होतं, आणि आता लिहिताना त्याची लाज वाटते.

आठवडा गेला आणि माझा फोन सारखा वाजायला लागला. माझ्या नावाने, माझ्या खात्यावरून, माझ्या ओळखीतल्या झाडून सगळ्यांना हिंदीत मेसेज गेला होता की मी तुमचं प्रोफाइल बघितलंय, तुम्हाला आणखी कोण कोण बघतंय ते इथे बघा, आणि खाली तीच लिंक. आता एक कबूल करते. त्या पहिल्या फोटोनंतर मला चेव आला होता. मी वरच्या मजल्यावरच्या शेजारणीचं नाव टाकलं होतं, विहिणीचं टाकलं होतं, आणि आमच्या जुन्या मुख्याध्यापिकाबाईंचंही टाकलं होतं. तेव्हा कुणाचंच काही दिसलं नव्हतं, नुसते टक्के फिरत राहिले होते. पण ह्या तिघींना मेसेज सगळ्यांत आधी गेला. शेजारीण जिन्यात भेटली आणि माझ्याकडे बघून आपल्या दाराची कडी लावली. विहीणबाई फोनवर इतक्या गोड बोलल्या की मला घाम फुटला. मुख्याध्यापिकाबाई ऐंशीच्या आहेत, त्यांनी फोन करून उत्सुकतेने विचारलं की मग काय काय दिसलं. सांगलीच्या माणसांना मेसेज हिंदीत आला ह्याचंसुद्धा काही वाटलं नाही. दिल्लीला राहून हिचं मराठी असंच झालंय म्हणाले आणि बिनधास्त लिंक उघडली. त्यातल्या चौघांची खाती गेली. माझं तर गेलंच. माझ्या फोटोच्या जागी एक तरुण मुलगा गॉगल विकायला बसला होता.

बँकेकडून आलेला आकडा सांगा, असाही एक फोन आला, तेव्हा ह्यांनी माझ्या हातातून फोनच काढून घेतला. बँकेला कळवलं, तक्रार केली, सगळे पासवर्ड बदलले. शेवटी ते ॲप काढून टाकायची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, थांब, आधी माझं नाव टाक.

आमच्या ह्यांचं कुठेही प्रोफाइल नाही. फोनवर ते फक्त फोन करतात. तरी मी नाव टाकलं. चाळीस, साठ, ऐंशी, एक्क्याण्णव. आणि फोटो आला. काहीतरी लाल, शेजारी काळं, मध्ये टेबल, पिवळी चमक. तीच बाई. तोच ग्लास.

ह्यांनी फोन हातात घेऊन नीट निरखून पाहिलं. “बाई चांगली आहे,” म्हणाले, “पण घाई नको.”

एरवी मी हसले असते. पण मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. मी माझं स्वतःचं नाव टाकलं, तीच बाई. उगाच काहीतरी अक्षरं बडवली, तरी तीच बाई. त्या यंत्राकडे एकच फोटो होता आणि तो ते येईल त्याला दाखवत होतं. आणि तो बघून मी माझ्या भाचीचं लग्न मोडलं होतं. तिला आवडलेल्या एकुलत्या एका मुलाशी.

बहिणीला सांगितलं तेव्हा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, तिला तूच सांग. मी भाचीला फोन केला आणि साड्यांपासून एक्क्याण्णव टक्क्यांपर्यंत सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हे त्याला सांग. फोनवर नाही. मी शनिवारी येते, माझ्यासमोर सांग.”

शनिवारी दुपारी आम्ही दोघी नोएडाच्या त्या फाटकाशी उभ्या राहिलो. ह्या वेळी गार्डने बाविसाव्या मजल्यावर फोन लावला आणि मुलाने लगेच हो म्हटलं. त्याने दार उघडलं. भाची आणि तो पहिल्यांदाच समोरासमोर येत होते, आणि मी मध्ये. फ्लॅट साधा होता. दोन खुर्च्या, एक गादी, भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल. मला त्याने खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. मी बोलायला लागले. वर्गात पायरी न गाळता गणित सांगावं, तसं एकेक सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, माझं चुकलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, “माझं ठीक आहे मावशी. पण हे माझ्या आईला सांगा.”

त्याने चंद्रपूरला फोन लावला, आवाज मोठा केला आणि माझ्या हातात दिला. मी त्याच्या आईला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तसा फोटो कुणाचाच नव्हता, तो सगळ्यांना एकच दाखवतात, तुमच्या मुलाचा त्यात काही संबंध नाही. मग ती माऊली बोलली.

“ताई, मी मागच्या आठवड्यात गाडीत बसून तिकडे आले होते. त्याला न सांगता. मी त्याचं कपाट उघडलं आणि त्यात लाल ड्रेस शोधला. खाली इस्त्रीवाल्याला जाऊन विचारलं, हा कपडे कुणाकुणाचे देतो. मी कपाट उपसत होते तेव्हा पोरगा दारात उभा राहून बघत होता ताई. मला एका शब्दाने काही बोलला नाही.”

आणि ती रडायला लागली. मुलगा उठून स्वयंपाकघरात गेला आणि त्याने उगाच नळ सोडला. त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा कुणाची चौकशी केली होती ती स्वतःच्या पोराची, आणि ती मी करायला लावली होती. मीही रडले. मला रडू आलं की मी चिडते, तशी चिडलेही, पण चिडायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

जरा वेळाने त्याची आई सावरली. नाक ओढत म्हणाली, “मग आता मुलीचं काय म्हणणं आहे?”

सवयच ती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. भाचीने माझ्या हातातून फोन घेतला, आवाज लहान केला, बाल्कनीत गेली आणि काचेचं दार ओढून घेतलं. मी आतून बघत बसले. तिचे ओठ हलत होते, मान हलत होती, एकदा तिने डोळे पुसले, पण त्या काचेतून शब्द म्हणून ऐकू येईना. मुलगा चहा घेऊन आला आणि तोही तिकडे बघत उभा राहिला. दोघांनाही काही कळत नव्हतं. पाऊण तासाने ती आत आली, त्याला म्हणाली, जरा बाहेर ये, आणि पुन्हा दार ओढून घेतलं. माझा चहा गार झाला.

परत येताना मेट्रोत ती माझ्या शेजारी बसली. मी काही विचारलं नाही. देवाशप्पथ विचारलं नाही, जीभ दाताखाली धरून बसले. न्यू अशोक नगर स्टेशन गेल्यावर ती आपण होऊन म्हणाली, “मी हो म्हटलंय मावशी. त्यानेही.” मी तिचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही, पण तिची बोटं सैलच राहिली. मनातून माफ करायला तिला अजून वेळ लागणार होता, आणि तो तिला द्यायला हवा होता.

मयूर विहार यायच्या आतच माझा फोन वाजला. सांगलीहून बहीण. सकाळपासून ती फोनपाशी बसून होती. “ताई, काय झालं गं? काय म्हणाली ती?”

अठ्ठावीस वर्षांतला सगळ्यात चांगला निकाल माझ्या ओठांवर होता.

“तिलाच विचार,” मी म्हटलं आणि फोन भाचीच्या हातात दिला.